खालच्या पट्टीतला लेंट

राखेच्या बुधवारची उपासना आटोपून आम्ही दोघी घरी निघालो होतो. कपाळावर राखेचा क्रूस तसाच होता. गाडी लक्ष्मी रोडच्या गर्दीतून बाहेर काढली तशी सासूबाईंनी पट्टा घट्ट करत जाहीर केलं, "या लेंटमध्ये मी रोजची मालिका आणि गोड सोडणार. तू काय सोडणार?"

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस म्हणजे आमचा लेंट, उपवासाचा आणि प्रार्थनेचा काळ. कुणी मटण सोडतं, कुणी गोड, कुणी मोबाइल. दरवर्षी सुरुवातीला आमच्या घरी हा सोडण्याचा जाहीर कार्यक्रम होतो.

"मी गाणं सोडलंय की आधीच," मी म्हणाले.

"ते तू सोडलं नाहीस, ते गेलं," सासूबाई म्हणाल्या. "गेलेल्या वस्तूचा उपवास होत नाही."

सासूबाई मूळच्या नगरकडच्या एका खेड्यातल्या. पण लग्नानंतरचं सगळं आयुष्य पुण्यात गेल्यामुळे समोरच्याचा विषय एका वाक्यात मिटवायची विद्या त्यांना इथेच मिळाली. मला हसूही आलं आणि लागलंही. कारण त्या म्हणाल्या ते खरं होतं.

माझे वडील आमच्या गावच्या लहानशा चर्चमध्ये पेटी वाजवायचे. मी त्यांच्या भात्याच्या बाजूला उभी राहून गायला शिकले. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा सामान लावून व्हायच्या आधी मी कँपातल्या आमच्या चर्चच्या गायनमंडळात भरती झाले होते. माझा आवाज चढा होता. वरच्या सुरांना तो कधी दमायचा नाही. ख्रिसमसच्या गाण्यांत जिथे बाकीच्या बायका श्वास घ्यायला थांबायच्या, तिथे मी आणखी वर जायचे आणि मनातल्या मनात खूश व्हायचे.

मग मानेत गाठ निघाली. ती साधी निघाली, देवाची दया, पण ऑपरेशनमध्ये आवाजाच्या नसेला धक्का बसला. डॉक्टर फार चांगले होते. म्हणाले, "बोलायला काही अडचण येणार नाही."

"आणि गायला?"

"आपण कार्यक्रम वगैरे करता का?"

"नाही. चर्चमध्ये गाते."

"मग काळजीचं काही नाही," असं म्हणून ते माझ्याकडे बघून छान हसले.

बोलण्याचा आवाज खरोखरच परत आला, थोडा जाड होऊन. गाण्याचा आला नाही. वरचे सूर लावायला गेलं की घशातून नुसती हवा यायची. पहिले काही रविवार मी गायनमंडळात उभी राहून ओठ हलवले. मग मागच्या बाकावर गेले. मग घरीच टीव्हीवर उपासना लावायला लागले. पाळकसाहेब उपदेश करायचे आणि मी पोह्यांचा कांदा चिरायची. शेवटच्या आशीर्वादाच्या वेळी हात पुसून उभी राहायची, एवढंच काय ते.

गाण्याबरोबर दुसरंही एक गेलं होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला बोलून प्रार्थना कधी नीट जमली नाही. डोळे मिटले की उद्याची मीटिंग आठवते. गाताना मात्र माझं मन एका जागी राहायचं, आणि समोर कुणीतरी ऐकतंय हे मला पक्कं कळायचं. गाणं बंद झालं आणि ते कळणंही बंद झालं. मी चिडले नव्हते, रडतही नव्हते. खराडीला ऑफिसात जात होते, लोकांशी हसून बोलत होते. आतून मात्र सगळं कोरडं पडलं होतं.

"सोडायला काही नसेल तर काहीतरी धर," गाडी कर्वेनगरात शिरताना सासूबाई म्हणाल्या. "लेंटमध्ये दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. दरवर्षी माझा मुलगा मला नेतो. यंदा तो नाशिकला बसलाय बदली होऊन. तू ने."

"मी गाणार नाही हं, आई."

"तुला गायला कोण सांगतंय? मला ड्रायव्हर पाहिजे."

पहिली सभा वानवडीला एका निवृत्त जोडप्याच्या घरी होती. सोफा भिंतीला सरकवून सतरंज्या टाकल्या होत्या. मी दाराजवळ, चपलांच्या शेजारी जागा धरली. गायनमंडळाच्या प्रमुख बाई, ज्यांना अख्खी मंडळी टीचर म्हणते, त्यांनी मला बघून भुवया उंचावल्या, पण काही बोलल्या नाहीत. टीचर शाळेतून निवृत्त झाल्यात, त्यांच्या भुवया अजून झालेल्या नाहीत. पेटीवर काका होते. ते गेली कितीतरी वर्षं आमच्या चर्चची पेटी वाजवतात आणि प्रत्येक गाणं संपलं की स्वतःच "वा" म्हणतात.

गाणी सुरू झाली. मी मान खाली घालून ऐकत बसले. तिसऱ्या गाण्याला शेजारच्या बाईंनी माझ्या मांडीवर हात ठेवून कुजबुजत विचारलं, "आता आवाज कसा आहे गं?" मी "ठीक आहे" म्हणून उठले आणि चहाला मदत करायला स्वयंपाकघरात गेले. तिथे घरच्या बाईंनी मला साखरेचा डबा शोधायला लावला. तो सापडेपर्यंत बाहेर "आमेन" झालं. एकूण त्या शुक्रवारी मी स्वस्तात सुटले.

त्याच आठवड्यात रमजान सुरू झाला होता. माझ्या टीममध्ये एक मुसलमान बाई आहे, माझ्याहून काही वर्षांनी लहान. तिचं घराणं पिढ्यान् पिढ्या कँपातलं, वडिलांची बेकरी. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले की आम्ही दोघीच वरच्या मजल्यावर उरायचो. तिचा रोजा, माझं दुपारचं जेवण बंद. एक रिकामी मीटिंग रूम आम्ही बळकावली होती.

"मॅडम, तुमच्या उपवासात पाणी चालतं?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"चालतं. संध्याकाळी जेवणही चालतं."

"चहा?"

"चहाही चालतो."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "मग हा उपवास आहे की डाएट?"

मी इतकी हसले की बाहेरून जाणाऱ्या एकाने काचेतून डोकावून बघितलं. दुसऱ्या दिवसापासून मी दुपारचा चहा बंद केला. तिच्यासमोर पाणीसुद्धा जपून प्यायला लागले. तिने ते बघितलं आणि म्हणाली, "अहो प्या हो, मला काही होत नाही." अशी आमची दुपार जायची. ती मला पहाटेच्या सहेरीला भावांना उठवताना काय काय करावं लागतं ते सांगायची, मी तिला सासूबाईंची वाक्यं सांगायची. तिला सासूबाई फार आवडल्या.

मधला एक शुक्रवार गेला, त्यातही मी चपलांजवळच बसले. मग हिंजवडीची सभा आली.

तिथे आमच्या मंडळीतली चार-पाच तरुण मुलंमुली राहतात. नगर, जालना, अमरावती अशा ठिकाणांहून आयटीत नोकरीला आलेली. दोन फ्लॅट समोरासमोर, एकात मुलं आणि एकात मुली. त्यांनी हट्टच धरला होता की यंदा एक सभा आमच्याकडे झालीच पाहिजे. शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीला जाणं म्हणजे काय, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. सगळं पुणे तिथून बाहेर पडत असतं आणि आम्ही आत शिरत होतो. शेजारी सासूबाई पाकळ्या सोडवून मोसंब खात होत्या आणि बाजूच्या कंपनीच्या बसमधली पेंगणारी डोकी बघून "बिचारी लेकरं" म्हणत होत्या.

आम्ही पोचलो. पाळकसाहेब आले, टीचर आल्या, वयस्कर मंडळी लिफ्टने हळूहळू वर आली. खुर्च्या नव्हत्याच. मुलांनी गाद्या गुंडाळून भिंतीला लावल्या होत्या आणि त्यावर आजी-आजोबांना बसवलं होतं. सगळे जमले, पण पेटीवाले काका नव्हते. टीचरनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मी पुलावर आहे," काकांचा आवाज आला. मागे हॉर्नचा कल्लोळ चालू होता. "गाडी जागची हलत नाहीये. तुम्ही सुरू करा. मी इथून गातो."

पेटीशिवाय सुरू केलं. एका मुलाकडे गिटार होती, पण त्याला मराठी गाण्यांतलं एकही येत नव्हतं. टीचरनी नेहमीच्या सवयीने वरचा सूर दिला. ध्रुवपद कसंबसं निघालं. अंतरा आला आणि गाणं जिन्यावरून पडल्यासारखं कोसळलं. कुणी वर अडकलं, कुणी खाली उतरलं, एक आजोबा मधेच तिसऱ्या कडव्यावर जाऊन पोचले. मुलं हसायला लागली. टीचरनी भुवयांनी त्यांना गप्प केलं आणि पुन्हा सूर दिला. पुन्हा तेच.

मग पाळकसाहेब म्हणाले, "आपण वचन वाचू या का?" आणि पवित्र शास्त्राची पानं उलटायला लागले.

मी कसला विचार केला असं म्हणता येणार नाही. ते वडिलांचं आवडतं गाणं होतं. ते असं अर्ध्यात सोडून द्यावं हे मला बघवेना. मी डोळे मिटले आणि जिथे माझा आवाज आता राहतो, तिथून, खूप खालून, ध्रुवपदाची पहिली ओळ धरली. सूर जाड होता, थोडा खरखरीत, पण हलत नव्हता. पहिली ओळ मी एकटीनेच म्हटली. दुसऱ्या ओळीला माझ्या मागून एक दणदणीत आवाज आला. मग आणखी एक. मग गाद्यांवरचे सगळे आजी-आजोबा, मुलं, पाळकसाहेब, सगळेच गायला लागले. अंतरा आला, आम्ही वर गेलो आणि कुणाचंही काही बिघडलं नाही. शेवटचं कडवं संपलं तेव्हा ते पुन्हा म्हणावं असं सगळ्यांनाच वाटलं, आणि कुणी न सांगता आम्ही ते पुन्हा म्हटलं.

मी डोळे उघडले. गाल ओले होते. समोर कुणीतरी ऐकतंय, हे मला कळत होतं. कितीतरी दिवसांनी.

चहाच्या वेळी तो दणदणीत आवाज माझ्याजवळ आला. ते रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा होते. मी त्यांना चर्चमध्ये वर्षानुवर्षं बघत होते, पण त्यांना आवाज आहे हे मला माहीत नव्हतं.

"बाई, एक सांगू का? राग मानू नका," ते म्हणाले.

"सांगा ना."

"तुम्ही गायनमंडळात होता तेव्हा सगळी गाणी इतकी वर असायची, की आम्ही पुरुष मंडळी नुसतं तोंड हलवायचो. आज पोटभर गायलो."

मी टीचरकडे बघितलं. टीचर बशीतला चहा फुंकत होत्या. "माझ्याकडे काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "मलाही तो अंतरा कधी झेपला नाही. पण तू इतकी छान गायचीस, म्हणून कुणी बोललं नाही."

आणि मग आम्ही सगळेच हसत सुटलो. ज्या वरच्या सुरांसाठी मी इतके दिवस झुरत होते, ते गेल्याने अख्ख्या मंडळीची सोय झाली होती! एवढ्यात दार उघडून पेटीवाले काका आले, घामाघूम, पेटी कडेवर घेतलेली. सभा संपली हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. सगळी हकीकत ऐकल्यावर मात्र ते लगेच खाली बसले, भाता ओढला आणि मला म्हणाले, "कुठून गायलात? लावा बघू सूर." मी लावला. त्यांनी पट्ट्या चाचपून बघितल्या. "काळी दोन," ते म्हणाले. "आधी काळी पाच असायची." आणि मग सवयीप्रमाणे, "वा!"

परतीच्या वाटेवर आमची गाडी अगदी त्याच पुलावर अडकली. पुढे-मागे नुसते लाल दिवे. मला सासूबाई काहीतरी बोलतील असं वाटत होतं, पण त्या खिडकीबाहेर बघत हळूच काहीतरी गुणगुणत होत्या. हे गुणगुणणं मी पूर्वीही ऐकलं होतं, दरवर्षी याच दिवसांत, भाजी निवडताना. शब्द कधी नीट कळले नव्हते.

"आई, काय म्हणताय?"

"काही नाही गं. आमच्याकडे बायका म्हणायच्या. माझी आई म्हणायची दळताना. लेंट लागला की दुसऱ्या ओव्या बंद, याच म्हणायच्या."

"मोठ्याने म्हणा ना."

त्यांनी घसा साफ केला आणि गाडीच्या काचेकडे बघत म्हटलं,

"बागंमधी देव माझा, रातभर जागतो
निजलेल्या गड्यांसाठी, उजेड गं मागतो"

पकडून नेण्याच्या आदल्या रात्री येशू बागेत प्रार्थना करत होता आणि शिष्य शेजारी झोपी गेले होते, तो प्रसंग. लहानपणापासून मी तो शेकडो वेळा ऐकलाय. उपदेशात नेहमी त्या झोपलेल्या शिष्यांना बोलणी बसतात. पण नगरकडच्या कुठल्याशा बाईने जात्यावर बसून ठरवून टाकलं होतं, की देव त्यांच्यावर चिडला नव्हता, तो त्यांच्यासाठी उजेड मागत होता. मी स्टीअरिंगवर हात ठेवून तशीच बसले. इतके दिवस मीही एक प्रकारे झोपलेच होते, आणि माझ्यासाठीही कुणीतरी जागत होतं, असं मला त्या वेळी अगदी आतून वाटलं. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा पुढे दोन हात रस्ता मोकळा झालेला दिसला.

"मला का नाही शिकवलंत हे कधी?" मी विचारलं.

"तुझा आवाज तिकडे वर, माझा इकडे खाली," सासूबाई म्हणाल्या. "दोघींची भेटच होत नव्हती. आता आलीस खाली, तर शिक."

त्या पुलावर पहिल्या चार ओव्या शिकून झाल्या. हिंजवडीच्या ट्रॅफिकबद्दल कृतज्ञ असलेली पुण्यातली मी बहुधा एकटीच.

पुढचे दिवस मजेत गेले. सकाळी खराडीला जाताना नगर रोडवरच्या प्रत्येक सिग्नलला मी ओव्या घोळवायची. शेजारचे रिक्षावाले बघायचे. संध्याकाळी सासूबाई माझी परीक्षा घ्यायच्या. त्यांच्याकडे कौतुक असं नव्हतंच. "गडी म्हण, गाडी नको," "ओढू नकोस एवढं, दळण आहे, रबर नाही," असंच सगळं. मालिकेच्या वेळी आता आमची तालीम असायची, आणि मालिकेतल्या सुनेचं पुढे काय झालं हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

एका दुपारी ऑफिसातल्या मीटिंग रूममध्ये मी नकळत गुणगुणायला लागले. माझी मैत्रीण टेबलावर डोकं टेकून पडली होती. तिने डोकं उचललं.

"मॅडम, हे काय आहे?"

मला अवघडल्यासारखं झालं. "सॉरी, तुझा रोजा आहे, झोपमोड केली."

"नाही, परत म्हणा."

मी परत म्हटलं. अर्थ सांगितला. ती सरळ होऊन बसली आणि म्हणाली, "माझी खाला म्हणते रोज्यात गाणी ऐकू नयेत. पण हे गाणं कुठंय? ही तर दुआ आहे." आणि पुन्हा डोकं टेकवत म्हणाली, "आणखी एकदा म्हणा, मग मी झोपते."

ईद आमच्या लेंटच्या मधेच आली. ती भलामोठा डबा भरून शीरखुर्मा घेऊन थेट कर्वेनगरला घरी आली, सासूबाईंना बघायला. मी पंचाईतीत पडले, कारण सासूबाईंनी मालिकेबरोबर गोडही सोडलं होतं. पण त्यांनी शांतपणे डबा उघडला, वास घेतला आणि दोन वाट्या काढल्या.

"आई, तुमचं गोड बंद आहे ना?"

"पोरगी महिनाभर उपाशी राहून, खपून करून आणते आणि मी नको म्हणू? त्याला उपवास नाही म्हणत, उद्धटपणा म्हणतात," असं म्हणून त्यांनी पहिला चमचा तोंडात घातला. मग तिला जवळ बसवून बेकरीतल्या बिस्किटांत हल्ली लोणी कमी का झालंय याची चौकशी केली. मैत्रीण हसून हसून बेजार झाली. जाताना म्हणाली, "तुम्ही सांगता त्यापेक्षा भारी आहेत."

ओव्यांचं टीचरना कसं कळलं ते मी सांगायला नको. घरात दुसरं कुणी नव्हतं. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, उपासनेनंतर त्या हातातली झावळी माझ्याकडे रोखून म्हणाल्या, "उत्तम शुक्रवारी पहिल्या उद्गारानंतर तू म्हणायचंस. एकटीने. पेटी नाही, काही नाही."

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात आणि प्रत्येकानंतर एक गीत होतं. पहिला उद्गार क्षमेचा. मी टीचरना म्हणाले की ओव्या बागेतल्या आहेत, वधस्तंभाच्या नाहीत, शिवाय माझा आवाज मधेच अडकतो, शिवाय हे गीतांच्या पुस्तकात नाही.

"पुस्तक कधी छापलं, तुझ्या सासूची आई कधी दळत होती," टीचर म्हणाल्या. "आणि अडकला तर अडकला. त्या दिवशी कुणाचा आवाज नीट असतो?"

शुक्रवारी दुपारी ऊन मी मी म्हणत होतं. चर्च गच्च भरलं होतं, पंखे गरगरत होते, वेदीवरचं सगळं काळ्या कापडाने झाकलेलं. आम्ही दोघी पांढऱ्या साड्या नेसलो होतो. पाळकसाहेबांनी "हे बापा, त्यांना क्षमा कर" यावर थोडक्यात सांगितलं आणि खाली बसले. मी उठून पुढे गेले. ऑफिसात शंभर लोकांसमोर बोलताना मला काही वाटत नाही, पण इथे तोंड कोरडं पडलं.

मी सुरुवात केली. पहिली ओवी झाली. दुसरीला समोरच्या माणसांचे चेहरे दिसेनासे झाले आणि मन त्या एका जागी येऊन थांबलं. मी गात होते, सांगत होते, मागत होते, सगळं एकच होतं. तिसऱ्या ओवीच्या मध्यावर आवाज अडकला. नुसती हवा. मी थांबले. पुन्हा श्वास घेतला. पुन्हा हवा.

आणि उजवीकडच्या बाकांवरून एका म्हातारीने ती ओळ उचलली. मला वाटलं सासूबाई, पण सासूबाई डावीकडे होत्या, आणि त्याही आता म्हणत होत्या. मग मागून आणखी एक आवाज आला, खिडकीजवळून एक. नगरकडून, शेवगाव-राहुरीकडून लग्न होऊन, नोकरीला, मुलांकडे म्हणून पुण्यात आलेल्या त्या बायका, कुणी नर्स, कुणी शिक्षिका, कुणी नुसत्या आज्या. कुणी त्या ओव्या कधी चर्चमध्ये म्हटल्या नव्हत्या, कारण त्या पुस्तकात नव्हत्या. पण येत सगळ्यांना होत्या. बसल्या जागेवरून, पदर डोक्यावर घेऊन, दळणाच्या संथ लयीत त्या म्हणत राहिल्या. एव्हाना माझा आवाज परत आला होता. मीही त्यांच्यात मिसळले. ओव्या संपल्या तेव्हा चर्चमध्ये फक्त पंख्यांचा आवाज होता. मी जागेवर येऊन बसले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, पण माझा हात धरला आणि सातवा उद्गार होईपर्यंत सोडला नाही.

ईस्टरला आम्ही अंधारातच घरातून निघालो. नवरा आदल्या दिवशी नाशिकहून आला होता आणि जांभया देत गाडी चालवत होता. चर्चच्या मैदानात सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे होते. सूर्य वर आला तसं पाळकसाहेबांनी मोठ्याने म्हटलं, "प्रभू उठला आहे!" आणि सगळ्या मैदानाने उत्तर दिलं, "खरोखर उठला आहे!" पेटी, तबला, हिंजवडीच्या मुलांची गिटार, कुणीतरी आणलेली ढोलकी, सगळं एकदम सुरू झालं. काका मान डोलावत होते. रेल्वेवाले आजोबा इतक्या जोरात गात होते की झाडावरचे कावळे उडाले. नवरा माझ्याकडे बघत राहिला. मी गात होते.

"तू कधीपासून..." त्याने विचारलं.

"तू नाशिकला होतास," मी म्हणाले आणि पुढचं कडवं धरलं.

नंतर उपमा होता, चहा होता, आमच्या ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे एकमेकांना "सलाम, सलाम" करून हात मिळवणं होतं. टीचरनी मला सांगितलं की गुरुवारी तालमीला यायचं, सहा म्हणजे सहा. मी हो म्हणाले.

घरी परतताना रस्ते मोकळे होते. कर्वे रोडवर एखाददुसरा दूधवाला, बाकी पुणे झोपलेलं. नवऱ्याने मला त्या ओव्या म्हणून दाखवायला सांगितलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "आज त्या नाही म्हणायच्या. ईस्टरच्या वेगळ्या आहेत."

"वेगळ्या? आई, त्या तुम्ही मला शिकवल्याच नाहीत!"

"लेंट चालू होता ना," त्या म्हणाल्या. "आधी कशा शिकवणार?"

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला आणि पहिली ओळ म्हटली. पहाटे बागेत येशूच्या कबरीपाशी आलेल्या मरियेची होती ती, चाल चांगलीच उडती. मी त्यांच्यामागून म्हटली.

"चुकलं," सासूबाई म्हणाल्या. "परत."